पैनगंगेचे बेट आणि वाघदऱ्याचे तोरण

राळेगावला युसूफभाईंचे सायकलचे दुकान आहे. पंक्चर तपासायच्या घमेल्याच्या वर भिंतीला एक जुने विलायती कॅलेंडर टांगलेले असते. त्याचे वर्ष कधीच उलटले, पण चित्र चांगले म्हणून युसूफभाई ते काढत नाहीत. निळा समुद्र, त्यात एक डोंगराळ बेट, उतारावर चुन्यासारखी पांढरी घरे आणि खाली रिकामी वाळू. वाळूवर एकही माणूस नाही. वाचनालयाच्या मास्तरांनी चित्राखालची बारीक अक्षरे वाचून सांगितले की, हे ग्रीस देशाचे बेट. मी सातवीपर्यंत शिकलो आहे. ग्रीस नकाशात कोठे आहे ते मला दाखवता येते. तेथे माणूस कसा पोहोचतो ते मात्र ठाऊक नाही.

जिनिंगच्या हंगामात मी फाटकावर कापसाच्या गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहितो. दिवसभर नाकात रुईचा भुसा जातो. संध्याकाळी युसूफभाईंच्या बाकावर बसून ते चित्र पाहिले की श्वास मोकळा व्हायचा. एकदा ते म्हणाले, "अरे मियाँ, इतका काय पाहून राह्यला? तुझी अक्का तर बेटावरच राहते ना उन्हाळाभर?"

खरेच होते ते. माझी थोरली बहीण अक्का पैनगंगेकाठच्या धारगावात दिली आहे. पावसाळा सरून पाणी उतरले की नदीच्या पात्रात रेतीची बेटे उघडी पडतात, आणि माझे भाऊजी अशा एका बेटावर झोपडी घालून डांगराची वाडी करतात. आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. वाडी निघेपर्यंत घरची सगळी माणसे बेटावरच राहतात. मी ते कधी पाहिले नव्हते.

जायचे ठरले ते मात्र चित्रामुळे नव्हे. अक्काचे पहिलेच बाळंतपण होते आणि दिवस भरत आले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही आमच्याकडची रीत. पण अक्काच्या लग्नानंतर वर्षभरात आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि माझ्या आईने देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले. अक्काच्या सासरी देव अजून आहेत. तेव्हापासून तिच्या सासूने तिला एकदाही माहेरी धाडले नव्हते. बाबा म्हणाले, "मी नाही जात पाया पडाले." आईने माझ्याकडे पाहिले. हंगाम संपला होता, मला सबब नव्हती.

"बापू, तिले घेऊनच ये," आई म्हणाली. "रिकामा येशीन तं मी अन्न नाही खाणार." असे बोलणे आमच्याकडे खरे धरायचे नसते, पण माझा स्वभाव असा की मी सगळेच खरे धरतो.

*

जायची वाट सांगतो, म्हणजे कोणाला जायचे झाल्यास चुकायला नको. राळेगावहून सकाळच्या मोटारीने वडकीला उतरावे. तेथे हैदराबादच्या सडकेवर दक्षिणेकडे जाणारी मोटार मिळते. ती कधी वेळेवर येते, कधी येत नाही. पिंपळाखाली सावली आहे आणि चहा बरा मिळतो. पांढरकवड्याला मोटार बराच वेळ थांबते. तेथील आलुबोंडे गरम असतील तरच घ्यावेत. पुढे पाटणबोरीला उतरायचे. सगळे भाडे मिळून मजुराच्या दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा थोडे जास्त होते, असे समजा.

मोटारीत माझ्या शेजारी एक म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टर आला.

"बुढे, कोंबडीचं तिकीट?"

"तिले कायचं तिकीट? ते माह्या मांडीवर बसली. तुही सीट घेतली का तिनं?"

"अन् अंडं देलं तं?"

"तं तुले देईन," म्हातारी म्हणाली. सगळी मोटार हसली. मी हसलो नाही, कारण सासूबाईंशी बोलायचे वाक्य मनात घोळवत होतो. 'आईने फार आग्रहाने बोलावले आहे' म्हणावे, की 'आईची फार इच्छा आहे' म्हणावे? आग्रह म्हटले तर त्यांना राग येईल, इच्छा म्हटले तर त्या हसतील. पांढरकवड्यापासून पाटणबोरीपर्यंत मी हीच दोन वाक्ये उलटीसुलटी केली, आणि सडकेच्या दोन्ही बाजूंना पानगळीचे सागवान कसे दिसते ते पाहायचे राहून गेले. तुम्ही ते पाहा. पाने गळालेल्या रानात लांबपर्यंत दिसते, आणि मधेच एखादा पळस असा उभा असतो की कोणी तेथे कपडा वाळत घातला असे वाटते.

पाटणबोरीहून नदीपर्यंत पायी जायचे. गाडीवाट आहे, पण भर उन्हात निघू नका. मी चार वाजेपर्यंत एका कडुनिंबाखाली थांबलो. मग वाट उतरू लागली, जमीन काळीची भुरी झाली, भुरीची पांढरी झाली, आणि एका वळणावर जमीनच संपली.

मी उभाच राहिलो. खाली रेती होती. पांढरी, स्वच्छ, वाऱ्याने घड्या पाडलेली रेती, इकडून तिकडे दिसेल तेवढी. तिच्यामधून पाणी दोन फाट्यांनी जात होते, घाई नसल्यासारखे. दोन फाट्यांच्या मधे लांबट बेट, त्यावर झाऊची झुडपे आणि एक गवताची झोपडी. पलीकडच्या काठावर आंध्र सुरू होतो, पण रेतीला ते माहीत असावे असे दिसत नव्हते. आवाज म्हणाल तर एका टिटवीचा, तोही एकदाच. मी चपला काढून हातात घेतल्या. वरची रेती तापलेली होती, पाऊल रुतले की आत गार. पाण्यात शिरलो तर पाणी गुडघ्याच्या खाली, आणि बोटांवर बारीक मासे येऊन टोचत होते. मला पोहता येत नाही, तरी त्या पाण्याची भीती वाटली नाही, याचे मला अजून नवल वाटते.

*

"आला वो! माहा भाऊ आला!" झोपडीतून अक्काचा आवाज आला. ती बाहेर आली ती कमरेवर हात ठेवून, हळूहळू. चेहरा उन्हाने काळवंडला होता आणि डोळे मोठे झाले होते. मागून भाऊजी आले, हातात डांगर घेऊन.

"या साळेबुवा! पाय भाजले का नाही?"

"नाही भाजले."

"मंग तुमी पाण्यातून नाही आले, उडत आले."

त्यांनी डांगर गुडघ्यावर फोडले आणि अर्धे माझ्या हातात दिले. मीठ नाही, साखर नाही. त्या वासासाठीच येथवर यावे असे मी सांगेन.

सासूबाई झोपडीच्या सावलीत भोपळ्याच्या बिया निवडत होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. मी आमच्या नव्या रीतीने नमस्कार केला. त्यांनी "रामराम" म्हटले आणि बियांकडे पाहिले. मी मोटारीत तयार केलेली दोन्ही वाक्ये विसरलो.

"माय म्हणे अक्काले पाठवा," एवढेच बाहेर पडले.

मावशींनी आणखी चार बिया निवडल्या. मग म्हणाल्या, "धाडाले काय होते? पण तिथं पाचवीले काय करतीन?"

पाचवी म्हणजे बाळाच्या जन्मानंतरची पाचवी रात्र. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते असे मानतात. तिची पूजा मांडतात आणि घरातली एक बाई बाळाला मांडीवर घेऊन जागते. आमच्या घरी आता ते कोणी करत नाही.

"आमी नाही मांडत आता," मी खरे सांगितले.

"मंग माही नात का नातू, जे असीन ते, कोऱ्या कपाळाचं राहीन का?"

"आई, कपाळ कोरं राहत असते का?" भाऊजी मधे पडले. "तिची माय आहे तिथं. डोळ्यात तेल घालून पाहीन."

"डोळ्यात तेल घालीन, पण दिव्यात नाही ना घालत."

अक्का चुलीजवळ भाकर थापत होती. तिने मान वर न करता म्हटले, "आत्याबाई, मले मायजवळ जाऊ द्या. भेव वाटून राह्यला मले." मावशींनी सुपातल्या बिया एका बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "गाडी कुठी आहे? पायी चालवान का तिले?"

हा त्यांचा होकार होता. पण गाडी नव्हती. भाऊजींची बैलगाडी वाघदऱ्याला होती. काठावरच्या टेकडीच्या वर कोलामांचे एक पोड आहे, म्हणजे वस्ती, आणि तेथला लच्छू हा भाऊजींचा दोस्त. बांबू आणायला त्याने गाडी नेली होती. सकाळी वर जायचे, गाडी घेऊन दुपारपर्यंत उतरायचे आणि ऊन कलले की अक्काला घेऊन पाटणबोरीला निघायचे, असे ठरले.

रात्री रेतीवर गोधडी टाकून झोपलो. मला वाटते मी फारसा झोपलो नाही, पण जागाही नव्हतो. पाण्याचा आवाज डाव्या कानाने वेगळा येत होता आणि उजव्या कानाने वेगळा.

*

सकाळी बेट फिरून पाहिले. रेतीत लांब चर खणून त्यात खत घालतात आणि बी लावतात; वेल खतावर जगतात आणि फळे रेतीवर तापतात. पाण्यासाठी रेतीतच हातभर खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. काठावरचे पाणी गढूळ असले तरी झिऱ्यातले काचेसारखे असते. प्यायला तेच घ्या. बेटाच्या खालच्या टोकाला मी एकटाच गेलो. तेथे रेतीवर बगळ्यांच्या पावलांखेरीज एकही खूण नव्हती. मी तेथे बसलो, आणि गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच मला कशाचीच काळजी वाटत नाही असे लक्षात आले. लक्षात आल्याबरोबर अक्काची काळजी वाटू लागली, म्हणून उठलो.

वाघदऱ्याची वाट धारगावाच्या मागून चढते. आधी मोहाची झाडे, मग सागवान, मग बांबू. मोहाची फुले वेचून झाली होती तरी वास राहिला होता, गोड आणि किंचित आंबलेला. चढ फार नाही, पण दगड सुटे आहेत. एका ओढ्यापाशी भाऊजी पाणी प्यायला वाकले आणि म्हणाले, "तुमी व्हा पुढं, येतो मी."

मी पुढे झालो. थोड्या वेळाने झाडांमधून पोड दिसले. कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, घरे एकमेकांकडे तोंड करून बसलेली, मधे चावडी, आणि अंगणे अशी झाडलेली की पान पडले असते तर ऐकू आले असते. वाटेवर दोन खांब रोवून त्यांना आंब्याच्या पानांचे तोरण बांधले होते, छातीएवढे खाली. आत जायचे तर त्याच्याखालून वाकून जावे लागणार.

येथे माझे पाय थबकले. तोरण देवाचे आहे हे दिसत होते. खांबाला शेंदूर होता. दीक्षेच्या वेळी मी प्रतिज्ञा केली आहे की अशा ठिकाणी मान वाकवायची नाही. पाहणारे कोणी नव्हते हे खरे, पण प्रतिज्ञा पाहणाऱ्यासाठी नसते. मी नीट विचार केला आणि वाट सोडून डावीकडे वळलो. सागाच्या झाडांमधून, काट्यांतून, मोठा वळसा घालून चावडीच्या मागच्या बाजूने गावात शिरलो. मधे जमिनीवर राखेची एक रेघ होती. कोणीतरी चुलीतली राख टाकली असेल असे समजून मी ती ओलांडली.

"थांब! अरे थांब ना बाप्पा!"

चावडीतून माणसे उठून आली. सगळ्यांच्या पुढे पांढऱ्या मिशांचे नाईक होते, म्हणजे गावाचे प्रमुख. त्यांनी रेघेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"कुकडून आला बे तू?"

मी हाताने दाखवले.

"वाट सोडून काहून आला? तोरण नाही दिसलं?"

"दिसलं. म्हणूनच."

तेवढ्यात वाटेवर भाऊजी आले. ते तोरणाच्या अलीकडेच थांबले, जोडे काढले आणि तेथूनच ओरडले, "आज गाव बांधलं का?"

"बांधलं ना," नाईक म्हणाले. "अन् तुहा माणूस अंदर घुसला."

भाऊजी तोरणाबाहेरच जमिनीवर बसले आणि पोट धरून हसू लागले. मला काहीच कळेना. मग नाईकांनी समजावले. वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, कोलाम आपले गाव बांधतात. गावाभोवती राखेची रेघ ओढतात, वाटेवर तोरण बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. रोगराई बाहेर राहावी म्हणून.

"मंग मी आला तसाच जातो," मी म्हटले.

"आता कुठी जातं? आला तो आला. आता उद्या."

"अन् गाडी?"

"बांधल्यावर सुईबी बाहेर नाही जात, गाडी कायची जाते?"

खाली अक्का वाट पाहत होती, तिचे दिवस भरले होते, आणि मी गाडी घेऊन येतो असे सांगून आलो होतो. "भाऊजी, तुमी सांगा ना या लोकायले!"

"काय सांगू? मी तं वाटेनं आलो अन् तोरणापाशीच थांबलो. तुमी कायले वळसा घेतला?"

"देवाले मान वाकवाची नव्हती."

हे ऐकून भाऊजी पुन्हा हसले. "वा रे पठ्ठ्या! देवाले टाळाले गेले अन् देवाच्या मुठीत जाऊन बसले." मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "बसा आता. मी जातो खाली. उद्या उजाडलं की येतोच."

त्यांची पाठ झाडांमागे जाईपर्यंत मी पाहत राहिलो.

*

कोणी मला रागावले नाही, हे येथे लिहायलाच हवे. मी नाईकांना आधीच सांगून टाकले, "मी पूजेत हात जोडत नाही."

"तुले कोण म्हणते जोड? चावडीत बस. पाहुणा चावडीतच असते."

मग सबंध दिवस मी त्या बांधलेल्या गावात होतो. बाहेरून कोणी येणार नाही, आतून कोणी जाणार नाही, म्हणून कोणाला कसलीच घाई नव्हती. बायका बांबूच्या कामट्या सोलून टोपल्या विणत होत्या. लच्छूने मला ज्वारीच्या कण्या आणि तुरीचे वरण आणून दिले. तिखट फार, पाणी जवळ ठेवा. माणसे आपसात कोलामीत बोलत आणि माझ्याकडे पाहून हसत. मग कोणीतरी मला मराठीत सांगे की तू रेघेवरून कसा उडी मारून आला ते बोलून राह्यलो. दुपारी ढोल वाजू लागले, मोठ्याने नव्हे, झोपलेल्या माणसाला थोपटावे तसे. सावल्या अंगणांतून सरकत चावडीच्या पायरीला लागल्या. मला वाटले, मी येथे आजच आलेलो नाही, फार पूर्वी आलो आहे, आणि राळेगावची जिनिंग ही कोणीतरी मला सांगितलेली गोष्ट आहे.

पण मधेच अक्का आठवे. मी राखेच्या रेघेपाशी जाऊन उभा राही. ती रेघ बोटाने पुसता आली असती. बाहेर रान तेच होते, ओढा तोच. रेघ ओलांडून धावत सुटलो असतो तर मला कोणी धरले नसते असे वाटते. लच्छू मागे येऊन उभा राहिला.

"जाशीन?" त्याने विचारले.

"तुमच्या गावाचं बांधलेलं सुटीन ना."

"सुटीन. मंग पुन्हा बांधा लागीन. बकरं पुन्हा, सगळं पुन्हा."

मी परत चावडीत जाऊन बसलो. ज्या देवांना मी मानत नाही त्यांच्यासाठी नव्हे. या माणसांनी मला वाकायला लावले नव्हते. मग मी त्यांचे मोडायचे कसे?

दिवस मावळता नाईक मला टेकडीच्या टोकावर घेऊन गेले, रेघेच्या आतच. तेथून पैनगंगा सबंध दिसते. पाण्यावर तांबूस उजेड होता, रेती जांभळट झाली होती, आणि आमचे बेट एखादे पान पाण्यात तरंगावे तसे दिसत होते. चित्रातल्यापेक्षा सुंदर म्हणणार नाही, पण चित्रातल्या बेटावर आपली अक्का नसते. मग अंधारू लागले आणि बेटावर चुलीचा एक ठिपका पेटला. थोड्या वेळाने दुसरा. मग एक ठिपका हलू लागला, पाण्यावरून काठाकडे गेला, आणि काठाकडून दोन परत आले.

"ते काय हो?" मी विचारले.

"डांगर राखून राह्यले असतीन. कोल्हे येतेत."

कोल्ह्यांसाठी कोणी कंदील घेऊन नदी ओलांडतो का, असे मला विचारायचे होते. विचारले नाही.

*

उजाडताच नाईकांनी तोरणाची एक बाजू सोडली आणि एका बाईने वाटेवरची रेघ खराट्याने झाडून टाकली. लच्छूने बैल जुंपले. भाऊजी येणार म्हणाले होते, आले नव्हते. आम्ही खडखडत उतरलो. सुट्या दगडांवरून गाडी अशी उसळत होती की माझे दात वाजत होते, आणि प्रत्येक धक्क्याला मनात येई की, यात अक्काला बसवायचे होते आपल्याला.

काठावर आलो तर भाऊजी पाण्यात उभे राहून कपडे धूत होते. कपडे बायकांचे होते.

"गाडी कायले आणली, साळेबुवा?"

"अक्काले न्यायले."

"आता कुठी नेता तिले? मामा झाले ना तुमी."

मी पाण्यातून धावलो. लच्छू मागून ओरडत होता की चपला गेल्या, चपला गेल्या. झोपडीत अक्का गोधडीवर पडली होती, पिवळी पडलेली, पण हसत होती. तिच्याजवळ सुपात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, एक लालबुंद मुलगी मुठी आवळून झोपली होती. मावशी सुपापाशी मांडी घालून बसल्या होत्या. कालचे ते दिवे काठावरच्या वाडीतली बाई मदतीला बोलावून आणतानाचे होते. नाळ मावशींनी स्वतः कापली होती.

"संध्याकाळीच पोट दुखू लागलं," अक्का म्हणाली. "तू गाडी घेऊन आला असता ना बापू, तं मी सडकेवर असती तेव्हा."

"अन् झाली असती सडकेवर," मावशी म्हणाल्या. "रेतीत झाली ते बरं झालं. रेती मऊ असते." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आता पाचवी इथंच होईन. तुह्या मायले सांग."

मी एकटाच परतलो. अक्काने मला डांगरांची पिशवी दिली, भाऊजींनी पाटणबोरीपर्यंत गाडी दिली. मोटारीत वाऱ्याने डोळे मिटत होते. मला आनंद झाला होता, का मी हरलो होतो, ते ठरवता येईना. आईने घेऊन ये म्हटले होते, आणि मी डांगरे घेऊन चाललो होतो.

*

घरी सांगितले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. ती आधी रडली, मग डिंक आणि खोबरे काढले. दुसऱ्या दिवशी ती वडकीच्या मोटारीत बसायला निघाली. दीक्षेनंतर त्या घराच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणणारी माझी आई. बाबा खाटेवर बसून होते. ती फडक्यात लाडू बांधत असताना ते म्हणाले, "तिथं पाचवीले ते मांडतीन सगळं. हात जोडजो नको." आईने गाठ मारली आणि निघाली.

ज्यांना त्या बेटावर जायचे असेल त्यांनी फाल्गुन ते वैशाख एवढ्यातच जावे. सोबत टोपी आणि मिठाची पुडी न्यावी. आणि मी सांगितलेले बेट सापडले नाही तर मला बोल लावू नये. पावसाळ्यात पैनगंगा सगळी रेती उचलून नेते. पुढच्या वर्षी बेट दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच आकाराचे निघते. माझ्या भाचीचा जन्म झाला ती जागा आता कोणाला बोटाने दाखवता येणार नाही. वाघदरा मात्र जागच्या जागी आहे. तेथे जाल तर वाटेनेच जा, आणि तोरण दिसले तर अलीकडे थांबून हाक मारा. मी मान वाकवली नाही याचे मला वाईट वाटत नाही. हाक मारली नाही याचे वाटते.

मला काय उरले म्हणाल, तर रिकाम्या वाळूचे चित्र आता मला तितकेसे ओढत नाही. पाहताना वाटते, येथे कोणाची झोपडी कशी नाही?

बारसे आटोपून आई परत आली. पाऊस पडण्याआधी बाळबाळंतीण आमच्याकडे पाठवायचे कबूल झाले होते, आणि तेही मावशींनी स्वतःहून. बाबांनी तिला पाणी दिले. ते कधी कोणाला पाणी देत नाहीत. ती पिईपर्यंत ते थांबले आणि मग विचारले, "मांडली का पाचवी?"

"मांडली ना. दिवा, विळा, सगळं मांडलं तिनं."

"अन् तू? जोडले हात?"

"हात रिकामे कुठी होते?" आई म्हणाली. "इहीणबाई पूजा करून झोपल्या. पोरगी रातभर माह्याच हातात होती."

बाबांनी रिकामा पेला तिच्या हातातून घेतला. मग म्हणाले, "नाक कोणाचं आहे?"

"तुमचंच. चपटं."